उशांना पंखा चालत नाही

तिथे नका बसू, तिथे वारा थेट मानेवर येतो, डोकं धरेल तुमचं. अशा इकडे या, टेबलाच्या या अंगाला — फक्त कोपर सांभाळा, ते क्रीम आहे, बाहीला लागलं तर तेलकट डाग राहतो. हां. तर काय म्हणत होते मी — ताई नाहीयेत. लेकीकडे गेल्यात, चार दिवस जरा हवापालट. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तुम्हाला त्यांचं नाव दिलं ते ठीकच केलं, पण तुमची खेप फुकट नको जायला, म्हणून म्हटलं, वर चला. नशीब तुमचं, मी नेमकी रिकामे खोके टाकायला खाली उतरले होते आणि तुम्ही मलाच विचारलंत. नाहीतर दार वाजवत बसला असतात. आणि त्यांचं जे काही आहे ते मला सगळं पाठ आहे हो. सख्खी नणंद माझी, आमच्या ह्यांची थोरली बहीण. खिडकीसमोर खिडकी आमची. त्या जे सांगणार तेच मी सांगते, वर थोडं मीठमसाला लावून सांगते. त्या बोलतात कमी. तुम्हाला उन्हाच्या गोष्टी हव्यात ना, बायकांच्या? मग मी काय मिशीवाली आहे? लावा ते मशीन. लावलेलंच आहे होय. बरं. मी हात चालू ठेवते बरं का, संध्याकाळी न्यायला येणार आहेत हा केक, अजून गुलाब काढायचेत सगळे.

तर ऊन. उन्हाचं काय सांगायचं, ते काय कोणाला चुकलंय? पण पूर्वी त्याला एक रीत होती. दुपारी तापायचं, संध्याकाळी उतरायचं, पहाटे तर पांघरूण ओढावं लागायचं. मी या केकच्या धंद्यात पडले तेव्हा पहाटेच उठायची. ही खिडकी उघडायची, समोरून ताईंचीही उघडी असायची — दोन इमारतींच्या मधे ही एवढीशी फट, हात लांब केला तर हाताला हात लागतो — त्या फटीतून गार झुळूक यायची आणि माझं क्रीम कसं ताठ उभं राहायचं. पाकळी काढली की पाकळी, पान काढलं की पान. आता पहाट येते ती घड्याळात येते. भिंती रात्रभर तापलेल्याच. गेल्या उन्हाळ्यात तीन मजली केक केला होता, एका जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस. गिऱ्हाइकाच्या हातात देता देता तो बसला. बसला म्हणजे कसा, म्हातारा माणूस कण्हत खुर्चीत बसतो ना, तसा बसला, हळूहळू. मला आधी हसू आलं आणि मग तिथेच जिन्यात उभी राहून रडले. गिऱ्हाईक काय म्हणालं असेल? पुन्हा आलंच नाही. असं एक नाही, कितीतरी झाले. अंडी नासायची, लोणी वितळून ताटात पसरायचं. मग घेतला हा एसी. चैन नाही हो ती. लोकांना वाटतं, झाली बघा मोठी बाई. मी झोपते बाहेरच्या खोलीत. केक गारव्यात आणि मालकीण घामात, असं आहे आमच्याकडे. म्हणजे — रात्री कधीमधी टेकते पाठ इथे. अगदीच राहवत नाही तेव्हा. लिहून घेऊ नका हे.

ताई? हो, ताईंचंच सांगायचं होतं, मी आपली माझंच दळण दळत बसले. ताई उशा करतात. दुकानांना लागतात, वसतिगृहांना, खाटा विकणाऱ्यांना. कापूस पिंजून येतो, पण त्याच्या गाठी राहतात, मग तो खाली पसरायचा आणि काठीने झोडायचा — थप, थप, थप — मग खोळीत भरायचा, कोपऱ्यात बोटाने ठासायचा, नाहीतर उशी मधेच पडते, आणि मग तोंड शिवायचं. त्यांच्या हातची उशी घ्या, वर्षानुवर्षं मान दुखणार नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढं उकडतं तर पंखा लावायचा. सगळेच म्हणतात. उशांना पंखा चालत नाही, बाई. पंखा लावला की कापूस हवेत. आमच्या ह्यांनी एकदा हौसेने बसवून दिला बहिणीला छताचा पंखा. बटण दाबलं आणि ताई जागच्या जागी पांढऱ्या झाल्या, भुवयांसकट. शिंका काय, खोकला काय. आम्ही तिघंही भिंतीला धरून हसत होतो. तो पंखा अजून आहे तिथे, पात्यांना जुनी खोळ गुंडाळून ठेवलीय त्यांनी. तेव्हा त्यांना वारा मिळणार तो खिडकीतून, येईल तेवढा, हळू. खिडकीला एक पातळ जाळीचं कापड लावायच्या आणि त्याच्या मागे बसून झोडायच्या. मी इकडे क्रीम फेटायची, त्या तिकडे कापूस झोडायच्या. दोघींचं पांढरंच काम. मी चमचाभर क्रीम खिडकीतून पुढे करायची, "ताई, गोड जास्त झालं का बघा", आणि त्या तिकडूनच मान पुढे करून तोंड उघडायच्या, हात कापसाचे म्हणून. पोरीसारख्या. वयाने माझ्याहून केवढ्या मोठ्या.

पडद्याच्या कडेने दिसतेय ती खिडकी? बंदच असणार, त्या नाहीत ना घरी. एरवी? एरवी — एरवीही असते बंद. अलीकडे. धूळ फार येते हो, कापसावर धूळ बसली की माल परत येतो. नाही, आधीही येतच होती धूळ. पण आता जास्त येते. सगळंच वाढलंय ना, ऊन वाढलं, धूळ वाढली. पावसाचंही तेच बघा, कधीही येतो, चुकल्यासारखा येतो आणि सगळा कापूस दमट करून जातो. दमट कापसाची उशी केली तर डोकं ठेवणाऱ्याला वास येतो, म्हणून मग तो पुन्हा गच्चीवर नेऊन उन्हात पसरायचा, आणि त्याची राखण करत उन्हात बसायचं. हे घाला तुमच्या त्यात. हे चांगलं आहे.

तो आवाज ना, तो एसीचा. बाहेरचा डबा असतो ना त्याचा, गरम हवा टाकणारा, तो घुरघुरतो. हो, तिकडेच आहे, फटीतच — अहो पडदा कशाला बाजूला करता, ऊन येईल आत. राहू द्या. बघितलंत का? बघितलंत. हं. आता आहे तो तिथे. काय करणार, घरमालक म्हणाले पुढच्या भिंतीला भोक पाडायचं नाही. म्हणजे ते तसं म्हणाले नाहीत, पण म्हणाले असते. तो मिस्त्री आला होता ना बसवायला, तोच म्हणाला, फटीकडून नळी आखूड लागते, काम झटपट होतं. पुढच्या भिंतीलाही होईल म्हणाला, होत नाही असं नाही, पण मग तो बोर्ड काढावा लागेल. बोर्ड पाहिलात ना खालून, गुलाबी अक्षरांचा? मी स्वतः रंगवलाय, उन्हात शिडीवर उभी राहून. मोठ्या रस्त्यावरून दिसतो. तेवढीच जागा आहे पुढच्या भिंतीला, एक तर बोर्ड राहील नाहीतर डबा. आणि बोर्ड बघून लोक वर येतात, माझ्या केकचं सांगायला दुसरं कोण आहे? मग मीच म्हटलं मिस्त्रीला, फटीत लाव. घरमालक नाही, मिस्त्री नाही, मीच म्हटलं. आता झालं तुमचं समाधान?

नाही, रागावले नाही. रागवायला तुम्ही काय केलंय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आणि आम्ही न विचारता नाही हं लावला. हे म्हणाले, आधी ताईला विचारू. गेलो दोघं. ताई खोळ शिवत होत्या. ह्यांनी सांगितलं, असं असं आहे, डबा तुझ्या खिडकीसमोर येईल, गरम हवा येईल. ताईंनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "लावा की, माझी खिडकी कुठे उघडी असते?" आणि ती तेव्हा उघडी होती. त्यांच्या पाठीशीच उघडी होती. जाळीचं कापड हलत होतं. आम्ही दोघांनी बघितलं, आणि आम्ही दोघं "बरं झालं" म्हणून घरी आलो. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं आमचं. ह्यांनी तर जिन्यात शीळ घातली. मी नाही घातली, पण मला तेवढंच हवं होतं. एसी चालू झाला त्या दिवशी क्रीम फेटलं आणि नुसतं बघत बसले त्याच्याकडे, इतकं सुंदर उभं राहिलं होतं. दुपारी कधीतरी सहज समोर नजर गेली तर काच लावलेली. तेव्हापासून लावलेलीच आहे.

पण मी काही दगड नाही हं. मला काय समजत नाही? मी दुसऱ्या दिवसापासून पाण्याची बाटली ठेवते त्यांना. माझ्या फ्रीजरमध्ये रात्रीच गोठवते आणि सकाळी हात लांब करून त्यांच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवते, अख्खी बर्फाची. त्या काच एवढीशी सरकवतात, घेतात, लगेच लावतात. कापडात गुंडाळून मानेवर ठेवतात, मग विरघळेल तशी पितात. संध्याकाळी रिकामी बाटली धुऊन, पालथी करून कठड्यावर. एक शब्द नाही. एका हाताने त्यांच्या घरात भट्टी पेटवायची आणि दुसऱ्या हाताने बर्फ पुढे करायचा. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, एसी बंद केला तर माझी चूल बंद, चालू ठेवला तर — तर तुम्ही बघताच आहात.

त्या पडल्या त्या दिवसाचं ना? नर्सबाईंनी सांगितलंच असेल. बाटली ठेवली होती मी रोजच्यासारखी. आणि ती घेतलीच नाही कोणी. मी इथेच उभी होते, असाच एक केक होता, गुलाबच काढत होते. मान वर केली की बाटली दिसायची. बर्फ होता, मग कडेने पाणी झालं, मग मधे एक काडीएवढा बर्फ राहिला. मला कळत होतं. नाही, मला कळत नव्हतं, मला वाटलं डोळा लागला असेल. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. क्रीम भरलेलं होतं पिशवीत, हातात धरून ठेवलं तर हाताच्या उबेने सैल पडतं, म्हटलं एवढी रांग संपवते आणि जाते. ती संपवली. मग म्हटलं, खालची किनार तेवढी. किनारही केली. मग गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई कापसाच्या ढिगावर कुशीवर पडल्या होत्या, काठी हातातच. मला आधी वाटलं, बघ, झोपल्याच आहेत. इतकं बरं वाटलं मला. मग कपाळाला हात लावला तर कपाळ कोरडं. त्या खोलीत माझा घाम दोन श्वासांत कानशिलावरून वाहायला लागला होता, आणि त्यांना घामच नव्हता. कोरडं आणि तापलेलं. उचललं कसं, जिना उतरले कशी, मला आठवत नाही. कोणीतरी रिक्षा थांबवली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्या. नर्सबाईंनी विचारलं, खोलीत हवा येते का, खिडकी आहे का? आणि ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून चक्कर आली." आणि मी — मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं, "हो ना, वेळेवर खातच नाहीत, किती सांगते मी." वर त्यांना रागे भरल्यासारखं केलं, मोठी काळजी असल्यासारखं. नर्सबाई हसल्या. ताईही हसल्या. मला वाचवलं म्हणून हसल्या त्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर मारणाऱ्याच्याच पाठीवरून हात. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नणंद म्हणून शिव्या घातल्या असत्या, भावाला बोलावून घेऊन माझी तक्रार केली असती, बायका करतातच की. मग मीही दोन शब्द परत केले असते आणि मोकळी झाले असते.

आमचे हे? हे बस चालवतात, पहाटे जातात ते रात्री येतात. बहिणीकडे डोकावतात रोज. परवा म्हणाले, तिची खोली फार तापते गं, छप्पर बघायला हवं. छप्पर म्हणे. वरती दोन मजले आहेत अजून. मी म्हटलं, हो, छप्परच असेल. लेकीला तर कळवूच दिलं नाही ताईंनी. ती बिचारी शिकायला लांब, वसतिगृहात, एका खोलीत चौघी राहतात, दाटीवाटीने. तिला कळलं तर परीक्षा टाकून येईल, म्हणून —

काय झालं? असं काय बघता?

हं. हो. म्हटलं मी तसं. वसतिगृहात चौघी राहतात तिथे आई कशी जाईल हवापालट करायला? बरोबर आहे. तुम्ही हुशार आहात, आणि मी इतकं बोलायला नको होतं. मी काम करताना तोंड बंद ठेवत नाही, ताई नेहमी म्हणायच्या, तुझ्या क्रीममध्ये अर्धी हवा असते आणि अर्ध्या गप्पा. म्हणायच्या म्हणजे, खिडकी उघडी होती तेव्हा.

नाही गेल्या त्या कुठे. कुठे जातील? खाली तुम्ही त्यांचं नाव घेतलंत, ते मशीन दिसलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लेकीकडे गेल्यात". मग मागे कसं घेणार, तुम्ही "अरेरे" म्हणालात. तुम्हाला वाटत असेल, मी घाबरले की त्या माझं नाव सांगतील. नाही हो. माझं नाव घेतलं असतं तर मी इथे निवांत केक करत बसले असते. त्या तुम्हाला सांगणार, ऊन फार वाढलंय. सांगणार, वय झालं आता. सांगणार, भावजय फार चांगली आहे, रोज बर्फाची बाटली देते. असं मशीनमध्ये बोलणार त्या, आणि तुम्ही ते लोकांना ऐकवणार. भावजय फार चांगली आहे. तेवढं मला सोसलं नसतं. म्हणून म्हटलं, मीच बोलते. म्हटलं, उन्हाबद्दल इतकं बोलेन की उन्हाशिवाय दुसरं काही उरणारच नाही. उन्हाला काय, त्याच्यावर काहीही ढकला, ते कुठे उलटून बोलतंय?

थांबा. उठू नका, एक मिनिट थांबा. तो रिमोट द्या इकडे, तुमच्या पिशवीखाली आहे. क्रीमचे हात आहेत, असू दे, पुसेन नंतर.

हं. आता गप्प बसा जरा. ते घुरघुरणं पूर्ण थांबू दे. वेळ लागतो त्याला.

ऐकू आलं?

थप. थप. ऐका. मधे थांबतात त्या, आता जास्त थांबतात. थप. काच बंद आहे तरी येतो आवाज. सकाळपासून चालू असणार, आणि सकाळपासून मी इथे. किती दिवसांनी ऐकते मी हा आवाज. एसी चालू असला की दुसरं काही ऐकूच येत नाही, आणि तो बंद असतो कधी?

केकचं बघेन मी. बसला तर बसला. फ्रीजमध्ये मावतो का बघते, वरची साखरेची कमान काढून. मिस्त्रीला फोन करते आज. करते म्हणजे — बोर्ड उतरवायला दोन माणसं लागतील — करते. ते नका विचारू तुम्ही. तुम्ही जा. जिना उतरा, डावीकडून वळा, समोरच्या इमारतीचा जिना, याच मजल्यावर. दार नुसतं लोटलेलं असतं. मी लेकीकडे पाठवलं होतं त्यांना, हे सांगू नका. नाहीतर सांगा, काय सांगायचं ते सांगा. ही बाटली घेऊन जा, आजची राहिलीय द्यायची, तुम्ही दिसलात आणि तशीच राहिली. आणि त्यांना विचारा, खिडकी का बंद असते. त्या म्हणतील, धूळ येते. मग गप्प बसा थोडं, जसं माझ्याशी बसलात तसं, आणि पुन्हा विचारा. तेव्हाही धूळच म्हणाल्या, तर तिसऱ्यांदा विचारा.

जा आता. दार ओढून — नको, उघडंच राहू दे ते.